चाचांचा सौदा

बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव खायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कुणाच्या नावाच्या रस्त्यावर रांग लावून उभे आहोत याचा पत्ता नसतो. जुने लोक त्या रस्त्याला अजूनही स्प्रॉट रोड म्हणतात. कागदोपत्री नाव आहे श्री शिवसागर रामगुलाम मार्ग. फोर्टात नोकरी करणारा माणूस हे नाव पत्त्यात शंभरदा लिहितो आणि एकदाही विचारत नाही की हे गृहस्थ कोण. नावावरून वाटतं, असेल उत्तरेकडचा कुणी स्वातंत्र्यसैनिक, नाहीतर जुन्या काळचा काँग्रेसी नगरसेवक.

गृहस्थ मॉरिशसचे पहिले पंतप्रधान. तिथे त्यांना राष्ट्रपिता म्हणतात. विमानतळाला त्यांचं नाव, वनस्पती उद्यानाला त्यांचं नाव, दोन हजारांच्या नोटेवर आणि खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्यावर त्यांचा चेहरा. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र ते नुसते 'चाचा'.

मला या माणसाने धरून ठेवलं ते वेगळ्याच कारणासाठी. विसाव्या शतकाच्या मध्यावर जे देश स्वतंत्र झाले, त्यांच्या राष्ट्रपित्यांची एक ठरीव गोष्ट असते. तरुणपणी विलायत, मग चळवळ, मग तुरुंग, मग सुटका, मग झेंडा. रामगुलामांच्या गोष्टीत तुरुंगाचं पानच नाही. हा माणूस गव्हर्नरच्या समोरच्या खुर्चीत बसून, चहा पीत पीत सत्तेपर्यंत पोहोचला. त्याचं हत्यार एकच, तडजोड. तिनेच त्यांनी देश मिळवला, टिकवला, आणि तिच्यासाठीच त्यांनी अशी एक किंमत मोजली जी त्यांच्या स्वतःच्या खिशातली नव्हती.

जन्म १८ सप्टेंबर १९००, बेल रीव्ह, फ्लाक जिल्हा. वडील मोहित बिहारच्या भोजपूर भागातल्या हरिगावचे, ऊसमळ्यावर मजूर म्हणून आलेले आणि पुढे मुकादम झालेले. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा साखरेच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले आणि त्यानंतरच्या काळात असे साडेचार लाखांच्या आसपास आले. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा, पाच वर्षांची बांधिलकी आणि परतीची भाषा. परतले थोडेच. त्यात आपली माणसंही होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली कुळं मुंबई बंदरातून गेली आणि व्हाकवा, ब्लॅक रिव्हर, कास्कावेल या बाजूला वसली. कास्कावेलला १८९६ मध्ये गणपती बसला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि गणपतीपुढे 'झाकरी' नाचतात. आपल्या जाखडीचीच ही बहीण, सव्वाशे वर्षं समुद्रापलीकडे नांदलेली.

तर मोहितचा हा मुलगा, घरचं नाव केवल. सात वर्षांचा असताना वडील गेले. बाराव्या वर्षी गोठ्यात अपघात होऊन एक डोळा गेला. संध्याकाळी 'बैठके'त जाऊन हिंदीची अक्षरं गिरवायची. ही बैठक म्हणजे गिरमिट्यांनी वस्तीवस्तीत स्वतःच काढलेली शाळा, पंचायत आणि भजनाची जागा, सगळं एकाच छपराखाली. दिवसा मिशनऱ्यांची शाळा. तिथून क्युरपीपचं रॉयल कॉलेज आणि १९२१ मध्ये, घरच्यांनी पोटाला चिमटे काढून दिलेल्या पैशांवर, डॉक्टर व्हायला थेट लंडन.

डॉक्टर व्हायला त्यांनी चौदा वर्षं घेतली. पैशांची ओढाताण हे एक कारण आणि लंडन हे दुसरं. युनिव्हर्सिटी कॉलेजात नाव होतं, पण पाय फेबियन, म्हणजे सबुरीने समाजवाद आणू पाहणाऱ्या, मंडळींच्या सभांकडे, भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे आणि नाटकं, चित्रप्रदर्शनं यांच्याकडे वळायचे. गांधी, टागोर, नेहरू ही नावं तिथे नुसती वर्तमानपत्रातली नव्हती. या चौदा वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली, असं मला वाटतं. इंग्रज साहेब समोरासमोर बसल्यावर कशाला हो म्हणतो, कशाला नाही म्हणतो, आणि 'बघू' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं. पुढची तीस वर्षं ते या एकाच भांडवलावर खेळले.

१९३५ मध्ये ते परतले तेव्हा बेट धुमसत होतं. मोरीस क्युरे यांनी पुढच्याच वर्षी मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये युनियन फ्लाकच्या मळ्यावर गोळ्या चालल्या. १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेलला पुन्हा गोळीबार झाला, त्यात अंजलाय कूपेन ही गरोदर मजूर बाई मेली. समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल गावोगाव सभा घेत होते आणि तुरुंगाच्या वाऱ्या करत होते. रामगुलाम? त्यांना १९४० मध्ये सरकारनेच कायदेमंडळावर नेमलं होतं. त्याच वर्षी त्यांनी 'ॲडव्हान्स' हे वर्तमानपत्र सुरू केलं. दवाखाना, अग्रलेख आणि कौन्सिलातली भाषणं. आज कुणी तरुणाने हे वाचलं तर सरळ म्हणेल, सरकारधार्जिणा माणूस. तेव्हाही म्हणणारे होतेच.

पण १९४८ ची निवडणूक बघा. नव्या घटनेत मताधिकारासाठी साक्षरतेची अट आली, आणि ती कुठल्याही भाषेतल्या साक्षरतेची. मळेवाल्यांना वाटलं असेल, उसात राबणारा काय लिहिणार आहे. बिसुनदयालांच्या स्वयंसेवकांनी रात्रीच्या बैठकांत मजुरांना बसवलं. दिवसभर कोयता धरलेला हात, त्यात पेन्सिल, समोर कंदील, आणि हिंदीत, तमिळमध्ये, उर्दूत, जी येईल त्या लिपीत अर्जापुरतं लिहायला शिकायचं. मतदारयादीत पूर्वी बारा हजारांच्या आसपास नावं होती, ती सत्तर हजारांच्या वर गेली. रान उठवलं बिसुनदयालांनी, आणि ते उठेल अशी फट कायद्यात ठेवण्यासाठी घटनेच्या वाटाघाटींत चिवटपणे बसून राहिले रामगुलाम आणि त्यांचे सहकारी. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता. पुढे बिसुनदयाल बंधू आणि रामगुलाम यांचं फार काळ जमलं नाही, हा भाग वेगळा.

त्यानंतरची चढण भराभर झाली. १९५९ मध्ये सरसकट मताधिकार, १९६१ मध्ये मुख्यमंत्री, १९६४ मध्ये प्रीमियर, जून १९६५ मध्ये 'सर'. याच काळात जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे नोबेल मिळालं, अहवाल दिला की एका ऊसावर जगणाऱ्या, माणसांनी खच्चून भरलेल्या या बेटाचं भवितव्य काही धड दिसत नाही. निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचा, त्यात दर काही वर्षांनी चक्रीवादळ. मीड काही वाईट मनाचा माणूस नव्हता. आकडे तसेच होते.

आणि मग सप्टेंबर १९६५. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या घटनेवर परिषद चालू होती. टेबलावर स्वातंत्र्य होतं. टेबलाखाली दुसरंच काही. हिंदी महासागराच्या मधोमध, मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरवर चागोस नावाची बेटं आहेत. कारभार मॉरिशसकडून चालायचा. अमेरिकेला त्यातल्या दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता आणि ब्रिटनला अमेरिकेला खूश ठेवायचं होतं. बदल्यात ब्रिटनने अमेरिकेकडून घ्यायच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरांची सूट ठरली होती, जी ब्रिटिश संसदेलाही सांगितली गेली नव्हती.

२३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना दहा डाउनिंग स्ट्रीटवर भेटायला बोलावलं. आदल्या दिवशी विल्सन यांच्या खासगी सचिवाने त्यांच्यासाठी एक टिपण करून ठेवलं होतं, ते पुढे दप्तरखान्यातून बाहेर आलं. त्यात म्हटलं होतं की भेटीचा उद्देश रामगुलामांना आशेने घाबरवणं हा आहे. आशा स्वातंत्र्य मिळण्याची, आणि भीती ही की चागोसच्या बाबतीत शहाणपणाने वागला नाहीत तर ते मिळणार नाही. सावकारी कारस्थानाचा इतका चोख मसुदा मी दुसरा वाचलेला नाही. बैठकीत विल्सन यांनीही सभ्य भाषेत तेच सांगितलं. प्रीमियर आणि त्यांचे सहकारी स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकतात, किंवा न घेता.

पासष्ट वर्षांचे रामगुलाम 'बरं' म्हणाले. मॉरिशसला भरपाई तीस लाख पौंड. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस तोडून 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत तयार झाली. जग वसाहती मोडत असताना ब्रिटनने एक नवी कोरी वसाहत उघडली.

नंतर त्यांनी सांगितलं की गळ्याभोवती फास होता, नाही म्हणता येत नव्हतं. ते खरं असणार. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी बऱ्याचदा केला आहे. इंग्रजांनी स्वातंत्र्य दोन-चार वर्षं लांबवलं असतं, मधल्या काळात विरोधक वरचढ झाले असते, सार्वमत आलं असतं आणि ते हरलेही असते. बेटं तर ब्रिटनने तशीही घेतलीच असती, कायदा तेच लिहीत होते. म्हणजे द्यायचं जे होतं ते जाणारच होतं, मग त्याबदली काहीतरी पदरात का पाडून घेऊ नये? व्यवहार म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त चागोसवर माणसं राहत होती. दीड-दोन हजार. पिढ्यान्पिढ्या खोबऱ्याच्या मळ्यांवर राबणारी, आफ्रिकी गुलामांची आणि थोडी हिंदी मजुरांचीही वंशज. लंडनच्या त्या खोलीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

त्या माणसांचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण मॉरिशसच्या विकासाच्या गोष्टीत ते नेहमी तळटीप म्हणून येतं. १९६८ ते १९७३ या काळात बेटं रिकामी केली गेली. औषधपाण्यासाठी पोर्ट लुईला आलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं. दिएगो गार्सियावर त्यांची कुत्री धुरात कोंडून मारली. जहाजात गुरासारखी भरून त्यांना सेशेल्सला नाहीतर मॉरिशसला आणून सोडलं. १९७३ मध्ये तर एका जहाजातल्या लोकांनी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायलाच नकार दिला. ब्रिटनने त्यांच्यासाठी साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारकडे दिले होते. सरकार रामगुलामांचं. ते पैसे वाटपाला निघायला १९७७ उजाडलं, तोवर महागाईने त्यातला जीव गेला होता. इथे मात्र गळ्याभोवती कुणाचा फास नव्हता. १९६५ साठी मी रामगुलामांना माफ करायला तयार आहे. या चार वर्षांसाठी नाही.

आता पुन्हा मागे. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्य हवं की नको याच प्रश्नावर झाली. एका बाजूला रामगुलामांचा मजूर पक्ष, अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिमांचा पक्ष आणि धाकट्या बिसुनदयालांचा, सुकदेवांचा पक्ष. निशाणी चावी. दुसऱ्या बाजूला गाएतान दुव्हाल, देखणे, रंगेल, घोड्यावर बसून प्रचार करणारे, क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, लोकांच्या वस्त्यांचे लाडके राजे. निशाणी कोंबडा. चावी जिंकली, पण ४४ टक्के मतं कोंबड्याला पडली. म्हणजे जन्माला येणारा देश जवळजवळ अर्ध्या लोकांना नको होता. हिंदूंचं राज्य येणार या धास्तीने हजारो कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिम यांच्यात दंगल पेटली, ती शमवायला सिंगापूरहून ब्रिटिश पलटण आणावी लागली. स्वातंत्र्याला सहा आठवडे उरलेले असताना.

१२ मार्च १९६८. तारीख गांधींच्या दांडीयात्रेची, मुद्दाम निवडलेली. घोड्यांच्या शर्यतींच्या शाँ द मार्स मैदानावर लाल, निळा, पिवळा, हिरवा झेंडा चढला. दंगलीमुळे राजघराण्यातल्या पाहुण्या आल्याच नाहीत. विरोधी पक्षाने समारंभावर बहिष्कार टाकला.

आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीला तेच गाएतान दुव्हाल रामगुलामांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते! ज्यांना देशच नको होता, ते जगापुढे देशाचे प्रवक्ते. स्वातंत्र्यासाठी बरोबरीने लढलेले सुकदेव बिसुनदयाल विरोधी बाकांवर. आपल्याकडे अलीकडे अशा कसरती पाहून डोळे निवले आहेत, पण साठ वर्षांपूर्वी याला केवढा निबरपणा लागला असेल. मला मात्र यात निव्वळ खुर्चीचं राजकारण दिसत नाही. ४४ टक्क्यांना घरात घेतल्याशिवाय घर उभं राहणार नाही, हे त्या म्हाताऱ्याने ओळखलं होतं. दुव्हालनी परदेशी पर्यटक आणि गुंतवणूकदार आणले, १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, स्वेटर-शर्टांचे कारखाने आले आणि मीडचं भाकीत हळूहळू खोटं पडायला लागलं.

पण या सौद्यात एक पोटकलम होतं. १९७२ ला येणारी निवडणूक १९७६ पर्यंत ढकलायची. म्हणजे लोकांना न विचारता चार वर्षं जास्त. १९६९ मध्येच पॉल बेरांजे नावाच्या, पॅरिसमधल्या १९६८ च्या विद्यार्थी-उठावाचं वारं प्यायलेल्या तरुणाने आणि त्याच्या साथीदारांनी नवा पक्ष काढला होता. १९७० मध्ये खुद्द रामगुलामांच्या त्रिओले भागातली पोटनिवडणूक त्या पक्षाने मारली. मग गोदीत संप, डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी, नेते वर्षभर तुरुंगात, वर्तमानपत्रांवर कात्री. फेबियन सभांना जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे केलं. एकदा निवडणूक टाळण्याची सवय लागली की पुढची पावलं आपोआप पडतात.

तरी १९७६ ला मतदान झालंच, हेही तितकंच खरं. त्याआधी विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला होता, म्हणून सरकारने मतदानाचं वय अठरावर आणलं आणि माध्यमिक शिक्षण फुकट करण्याचं वचन दिलं. पोरांनी दोन्ही घेतलं आणि मतं बेरांजेला दिली. सत्तरपैकी चौतीस जागा त्यांच्या. रामगुलामांनी स्वतःच्या अठ्ठावीसला दुव्हालांच्या आठ जोडल्या आणि छत्तीसावर पंतप्रधानपद राखलं. शिक्षण मात्र १९७७ पासून खरोखर फुकट झालं.

मॉरिशसला फिरायला गेलो होतो तेव्हा आमचा टॅक्सीवाला व्हाकवाकडचा मराठी निघाला. घरात क्रेओल बोलणारा, आमच्याशी हिंदी, आणि आरती मात्र अख्खी पाठ. चाचांचं नाव काढल्यावर त्याने आरशात बघून सांगितलं, "माझी फी चाचांनी भरली. आजीला पेन्शन चाचांनी दिली." मग हसून म्हणाला, "आणि ब्याऐंशीला आमच्या सगळ्या गल्लीने चाचांना पाडलं."

११ जून १९८२. दोनदा झालेलं रुपयाचं अवमूल्यन, नाणेनिधीच्या अटी, बेकारी, चौदा वर्षांचं तेच मंत्रिमंडळ. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. सत्ताधारी शून्य. एक्क्याऐंशी वर्षांचे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले.

माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा दिवस. ज्या मुहूर्तावर आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या कितीतरी राष्ट्रपित्यांनी पलटण बाहेर काढली, मतपेट्या गायब केल्या किंवा तहहयात अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, त्या मुहूर्तावर या माणसाने निकाल ऐकला आणि सत्ता सोडली. हातात पोलीस होते, आणीबाणीचा अनुभव होता, राष्ट्रपित्याची पुण्याई होती. काही वापरलं नाही. नव्या सरकारात वर्षभरातच फूट पडली, नवे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांना मजूर पक्षाची गरज पडली, आणि १९८३ च्या अखेरीला चाचा गव्हर्नर जनरल म्हणून ले रेद्वीच्या प्रासादात राहायला गेले. ज्या माणसाने आपल्याला शून्यावर आणलं, त्याच्याच शिफारशीने. शेवटचा सौदा. १५ डिसेंबर १९८५ ला तिथेच वारले.

पँपलमूसच्या उद्यानात, थाळ्याएवढ्या पानांच्या कमळांचं तळं पाहायला आपले सहल कंपनीवाले झाडून सगळ्यांना नेतात. तिथेच त्यांच्या अंत्यसंस्काराची जागा आहे. गाईड दोन वाक्यं सांगतो आणि मंडळी कमळांकडे वळतात.

चागोसचा वाद मात्र संपला नाही. रामगुलामांच्याच सरकारने १९८० पासून ती बेटं परत मागायला सुरुवात केली होती. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की १९६५ ची तोडणी बेकायदा होती, कारण ती संमती मोकळ्या मनाने दिलेली नव्हती. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. बेटांवर मालकी मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ नव्याण्णव वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, आणि त्याबद्दल वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडं. त्या वेळी मॉरिशसच्या पंतप्रधानपदी होते नवीन रामगुलाम. चाचांचे चिरंजीव, तेही बापासारखे डॉक्टर.

सह्या सकाळी व्हायच्या होत्या, त्या दुपारी झाल्या. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन चागोसी बायकांनी आदल्या रात्री लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली होती. त्यांचं म्हणणं होतं की या वेळीही आम्हाला कुणी विचारलेलं नाही.